बावीस घरं, चार गुंठे

सांगली-मिरज रस्त्याच्या आतल्या कॉलन्यांमध्ये ‘खुली जागा’ कशी दिसते हे इथल्या माणसाला सांगायला नको. कंबरेएवढं गाजर गवत, कुणाच्या तरी फरशीकामाचा राडारोडा, एखाद-दुसरी सुबाभूळ आणि पावसाळ्यात डुकरं. अशा दहा गुंठ्यांपैकी चार गुंठ्यांत आमच्या बावीस घरांनी भाजीची सामाईक बाग केली. कागदांना दिवाळीनंतर हात घातला, पहिली मेथी पुढच्या जूनअखेरीस निघाली आणि ऑगस्टात निम्मी बाग सडली. आता दुसरा उन्हाळा सुरू आहे. कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून झालं तसं लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी जागा कुणाची ते बघावं लागतं. ‘कॉलनीची आहे’ हे सगळेच म्हणतात, पण कागदावर तीन शक्यता असतात: खुली जागा महापालिकेकडे वर्ग झालेली, गृहनिर्माण संस्थेच्या नावावर असलेली, किंवा अजून मूळ मालकाच्याच नावावर राहिलेली. सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत डिजिटल सहीसह मिळतो. नगर भूमापन झालं असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड काढायचं. या दोन्हीपेक्षा महत्त्वाचा कागद म्हणजे मंजूर रेखांकनाची (ले-आउटची) प्रत. खुली जागा नेमकी किती, कुठून कुठपर्यंत आणि तिच्यातून एखादी गटार किंवा जलवाहिनी जाते का, हे त्यातच दिसतं. संस्थेच्या जुन्या फाइलीत प्रत सापडली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि ३० दिवस धरून चालायचं. आम्ही हे नंतर केलं आणि तिथंच महिना गेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पालिकेला दिलेला बागेचा अर्ज रेखांकन जोडलं नाही म्हणून परत आला, आणि चूक सर्वस्वी आमची होती.

जागा पालिकेकडे वर्ग झालेली असल्याने अर्ज आयुक्तांच्या नावे, प्रत उद्यान विभागाला. सोबत संस्थेचा ठराव, बावीस घरांच्या सह्या, रेखांकन, आणि वाफे कुठं, वाट कुठं, टाकी कुठं हे दाखवणारा हाताने काढलेला नकाशा. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख नीट वाचता येते ना ते तिथंच बघावं, कारण पुढची प्रत्येक फेरी ‘आवक नंबर सांगा’ इथून सुरू होते. जानेवारीत स्थळपाहणी झाली, फेब्रुवारीच्या मध्याला ११ महिन्यांची परवानगी आली. अटी अशा: पक्कं बांधकाम नाही, कुंपणाला कुलूप नाही, भाजी विकायची नाही, मागितली की जागा मोकळी करून द्यायची, झाडाला हात लावायचा नाही. करारनाम्याला ५०० चा स्टॅम्पपेपर लागला. घरात १०० चा पडून आहे म्हणून तो घेऊन जाऊ नका, चालत नाही.

झाडांची अट गंभीरपणे घ्यावी. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि सुबाभूळ असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. आमच्या जागेत दोन होत्या. फांद्या उतरवण्याचा वेगळा अर्ज केला, तोवर वाफ्यांचा नकाशाच त्यांच्या सावलीतून बाजूला सरकवला. नदीकडच्या भागात, गावभागात किंवा पूररेषेत जागा असेल तर आणखी एक विचार करावा लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोका पातळी आहे ४५ फूट. निळ्या पूररेषेच्या आत बाग करता येईल, पण अवजारांची खोली तिथं उभी करू नये. पाणी ओसरल्यावर बागेतली पालेभाजी कितीही टवटवीत दिसली तरी काढून टाकायची, कारण पुराच्या पाण्यात गटारंही असतात.

पैशाचं सांगायचं तर प्रत्येक घराकडून एकदाच २,००० रुपये घेतले, म्हणजे ४४,००० झाले. खर्च ४८,००० वर गेला. जेसीबी तीन तास ३,६००, राडारोडा उचलायला ट्रॅक्टरच्या चार खेपा ३,२००, शेणखताच्या दोन ट्रॉल्या १०,०००, हजार लिटरची टाकी ६,५००, तिचं लोखंडी स्टँड ९,०००, ठिबक आणि पाइप ८,४००, अवजारं ४,३००, माती-पाणी तपासणी, स्टॅम्प, झेरॉक्स मिळून १,६०० आणि बियाणं १,४००. वरचे ४,००० दोन महिन्यांच्या वर्गणीतून फिटले. वर्गणी दरमहा घरटी १०० रुपये. नोंदणी नसलेल्या गटाचं बँकेत खातं निघताना अडचण येते, म्हणून पैसे संस्थेच्याच खात्यात ‘बाग’ असं वेगळं शीर्षक उघडून ठेवले. कुणा एकाच्या फोनवर वर्गणी जमा करणं सोपं वाटतं, पण तिसऱ्या महिन्यात हिशेबावरून तोंडं फिरतात.

मार्चमध्ये मातीचा नमुना घेतला. खत टाकण्याआधी घ्यायचा. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करून एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत तासायची, सगळी एका घमेल्यात मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवून कापडी पिशवीत. राडारोडा पडलेल्या कोपऱ्याचा नमुना वेगळा ठेवला ते बरं झालं. बाकी जागेचा सामू (पीएच) ८.३ आला, त्या कोपऱ्याचा ८.९. सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के, म्हणजे कमीच. सामू वाढलेला दिसला की ‘जिप्सम टाका’ असा सल्ला आपल्याकडे चहाच्या टपरीवरही मिळतो. पण जिप्सम सोडियमवर काम करतं. प्लॅस्टरच्या चुन्या-सिमेंटने चढलेल्या सामूला त्याचा काही उपयोग नाही. तो कोपरा आम्ही सरळ कंपोस्टच्या हौदांना देऊन टाकला.

पाणीही तपासून घ्यावं. कॉलनीच्या बोअरच्या पाण्याची क्षारता १.६ डेसिसायमन निघाली. २.२५ च्या पुढे गेली तर भाजीच्या नादाला लागू नये. १.६ ला पालक आणि बीट मजेत येतात, घेवड्याची पानं मात्र कडेने करपतात. पिण्याचं नळाचं पाणी बागेला घ्यायचं नाही, हे ठरावातच लिहून टाकलं.

जमीन साफ करताना दोन गवतांकडे बघून निर्णय घ्यायचा, हराळी आणि लव्हाळा. रोटाव्हेटर मारला की जमीन भुसभुशीत आणि देखणी दिसते, पण हराळीच्या काशांचे, म्हणजे जमिनीतल्या खोडांचे, तुकडे होऊन प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. आम्ही नांगरट करून घेतली, पंधरा दिवस ढेकळं उन्हात तापू दिली आणि काशा हाताने वेचल्या. चार रविवार गेले. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या वेचून संपत नाहीत. त्या पट्ट्यात माती भिजवून एप्रिल-मेचे पाच आठवडे पारदर्शक प्लॅस्टिक अंथरलं आणि कडा मातीत गाडल्या. प्लॅस्टिक पारदर्शकच हवं. काळ्या प्लॅस्टिकने गवत दबतं, पण माती तेवढी तापत नाही. लव्हाळा यानेही पूर्ण गेला नाही, निम्म्यावर आला.

वाफे सव्वीस पाडले, ४ फूट रुंद आणि १२ फूट लांब. चार फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. मधली वाट २ फूट, घमेलं घेऊन जाता येईल एवढी. वाटेची वरची माती ओढून वाफ्यावर घातली आणि गादीवाफे ९ इंच उचलले. बावीस घरांना बावीस, दोन रोपांसाठी, एक सामाईक वांग्याचा आणि एक रस्त्याकडेचा, त्याचं पुढे सांगतो. शेवगा, पपई, कढीपत्ता सगळं उत्तरेच्या कडेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, झाडं दक्षिणेला लावली तर ऐन मेथी-कोथिंबिरीच्या दिवसांत वाफे सावलीत जातात. वाफ्यांचं वाटप चिठ्ठ्या टाकून केलं. टाकीजवळचा वाफा सगळ्यांना हवा होता.

काळ्या रानात वापसा नसताना, म्हणजे जादा ओल उतरून माती मोकळी झाल्याशिवाय, पाय घालायचा नाही, हे शेतकऱ्याच्या घरात कुणी सांगावं लागत नाही. पण बावीसपैकी पंधरा घरांत शेती कधीच सुटलेली. खूण अगदी सोपी आहे: मूठभर माती दाबून गोळा करा आणि छातीच्या उंचीवरून टाका. फुटून विखुरला तर वापसा आहे. थापीसारखा बसला तर घरी जा. ओल्या मातीत केलेली खुरपणी वाळल्यावर विटेसारखी होते आणि ती फोडायला पुढचा पाऊसच यावा लागतो.

ठिबकात आम्ही पैसे घालवले. टाकीचा तळ ८ फुटांवर. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो, म्हणजे आमच्याकडे पाव किलोही नाही. आणि दुकानातून आणले चांगल्यातले, दाब नियंत्रित करणारे ड्रिपर. त्यांना चालायलाच अर्धा ते एक किलो दाब लागतो. थेंबसुद्धा पडेना. ते बदलून साधे ताशी ४ लिटरचे घेतले, ते या दाबाला ताशी दोनच्या आसपास देतात. एका वाफ्यात १६ मिलिमीटरच्या तीन नळ्या, फुटाफुटावर ड्रिपर, म्हणजे छत्तीस ड्रिपर. वीस मिनिटं कॉक उघडा ठेवला की वाफ्याला २४ लिटर. भर उन्हाळ्यात एवढ्या वाफ्याला रोज २२ ते २५ लिटरच लागतात. मुख्य पाइप ३२ मिलिमीटरचा, आणि बागेचे दोन भाग करून दोन कॉक, कारण सगळी बाग एकदम सोडली तर शेवटचे वाफे कोरडे राहतात. टाकीच्या तोंडाशी जाळीचा फिल्टर, दर रविवारी धुवायचा. क्षाराने ड्रिपर बुजतात, ते काढून रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकले की मोकळे होतात.

तरी खरा शत्रू अर्धा इंची पाइप निघाला. ठिबकावर विश्वास नसलेली मंडळी संध्याकाळी पाइप धरून उभी राहत. या पाइपातून मिनिटाला १५ ते २० लिटर पाणी येतं, म्हणजे वाफ्याची दिवसाची गरज दीड मिनिटात भागते. माणूस मात्र गप्पा मारत दहा मिनिटं धरतो. कृष्णाकाठची जमीन उसाला पाणी पाजून पाजून कशी चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट झाली ते आपण गावोगाव बघतोच, तोच खेळ चार फुटी वाफ्यात. शेवटी पाइप काढून टाकला, रोपांसाठी दोन झाऱ्या ठेवल्या आणि पाण्याची पाळी लावली. सात वार, सात गट, गटात तीन घरं, एका गटात चार. पाळीवाल्याने सकाळी साडेसहाला पहिला कॉक, वीस मिनिटांनी दुसरा, मग वहीत वेळ आणि सही. पावसाच्या दिवशीही वहीत ‘पाणी बंद’ लिहून सही करायची, नाहीतर दुसरा कुणी येऊन सोडतो. सांगलीकडच्या माणसाला ‘पाळी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वेळापत्रक, ड्युटी असले शब्द काढले तेव्हा कुणी येत नव्हतं.

जूनमध्ये पेरणी. धने रगडून दोन फाकी करून, मेथी ओळीत, भेंडी आणि गवार टोकून. मिरची-वांग्याची रोपं आधीच तरूला, म्हणजे रोपांच्या वाफ्यात होती. महिन्याभरात भेंडीची रोपं मधूनच माना टाकायला लागली. पाणी कमी पडलं असं समजून पाणी वाढवलं, तर आणखी मेली. उकरल्यावर मुळाशी इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली पांढरी अळी, हुमणी. ती शेणखतातून आली होती. दोन ट्रॉल्यांपैकी एक अर्धवट कुजलेली होती, ते उतरवून घेतानाच दिसायला हवं होतं. कुजलेलं खत हाताला गार लागतं, मातीचा वास येतो. शेणाचा वास आला आणि आत गरम लागलं तर ट्रॉली परत पाठवा. आता खत आलं की उन्हात पातळ पसरतो, बगळे आणि साळुंक्या निम्मं काम करतात. मग हुमणीला मारणारी मेटारायझियमची बुरशी मिसळून सावलीत ओलसर ठेवतो आणि दोन आठवड्यांनी वाफ्यात घालतो.

ऑगस्टमध्ये झड लागली. वाफे ९ इंच उंच असूनही वाटांमध्ये तीन दिवस पाणी उभं राहिलं. मेथी, कोथिंबीर, पालक सगळं पिवळं पडून सडलं. आम्ही पाणी आत आणायची सोय पैसे ओतून केली होती, बाहेर काढायची केलीच नव्हती. नंतर उताराच्या कडेने दीड फूट खोल चर काढला, तळाला विटांचे तुकडे घातले. चर थेट रस्त्याच्या गटाराला जोडायचा मोह होतो. तसं केलं तर गाळाने गटार तुंबतं आणि शेजारची कॉलनी भांडायला येते. मध्ये ३ फुटांचा चौकोनी खड्डा ठेवला. त्यात गाळ बसतो आणि वरचं पाणी जातं. ज्यांना आज सुरुवात करायची आहे त्यांनी टाकीच्या आधी चर काढावा.

कंपोस्टचे दोन हौद, १० बाय ३ बाय ३ फूट, विटा नुसत्या रचलेल्या, कारण पक्कं बांधकाम नको. एक भरत असताना दुसरा कुजतो. घरचा ओला कचरा एक थर, त्यावर दुप्पट उसाचं पाचट. पाचट आपल्याकडे फुकट मिळतं, फक्त वाहतूक पडते. वास येऊ लागला की समजायचं ओल जास्त आणि हवा कमी झाली. पाचट घालून खालीवर करायचं. नुसतं पाचट कुजवायचं असेल तर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणाच्या पाण्यात कालवून. शिजलेलं अन्न हौदात गेलं की उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप. हे एकदा झाल्यावर पाटी लावावी लागली नाही.

औषधाचा नियम पहिल्या दिवशीच करायला हवा होता. एका वाफ्यावर कुणी मावा पडला म्हणून रासायनिक फवारा मारला आणि वाऱ्याने तो शेजारच्या पालकावर गेला. तो पालक त्याच संध्याकाळी आमटीत जाणार होता. तेव्हापासून फक्त निंबोळी अर्क, लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, किंचित साबण घालून. शिवाय पिवळे चिकट सापळे. वांग्याची मात्र वेगळी तऱ्हा. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी एका वाफ्यात दुर्लक्षित राहिली की आठवड्यात सगळ्या बागेत. म्हणून घरोघरी वांगं बंद केलं आणि एकच सामाईक वाफा ठेवला. दर बुधवारी माना टाकलेले शेंडे अळीसकट खुडायचे, ते कंपोस्टमध्ये न टाकता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवायचे, आणि वाफ्यात एक कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा) लावायचा. या हिवाळ्यात भरताला पुरतील एवढी वांगी सगळ्यांना मिळाली. सप्टेंबरात घेवडा केवड्यासारखा पिवळा पडला, शिरा तेवढ्या हिरव्या. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) कंपोस्टात मुरवून दिला, नुसता मातीत टाकून उपयोग नाही.

कुंपणाला कुलूप नाही म्हटल्यावर भाजी जाणारच. गुरांसाठी बांबू आणि जुन्या साड्या पुरल्या, माणसांसाठी रस्त्याकडेचा सव्विसावा वाफा सोडून दिला. गवती चहा, पुदिना, अंबाडी, कुणीही न्यावं. आतल्या वाफ्यांतली चोरी थांबली नाही, पण पुष्कळ कमी झाली.

सलग पंधरा दिवस वाफा मोकाट राहिला तर वहीत नोंद, आणखी पंधरा दिवसांनी तो प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नंबरला. हे कठोर वाटतं, पण एका वाफ्यातलं गाजर गवत फुलावर आलं की त्याचं बी बावीसही वाफ्यांत जातं. वर्षात तीन घरांनी वाफे सोडले, दोघांनी बदली झाली म्हणून. यादीत सध्या पाच जण आहेत.

परवानगी जानेवारीच्या मध्याला संपली. नूतनीकरणाचा अर्ज महिनाभर आधी, डिसेंबरातच दिला होता, या वेळी रेखांकन जोडून. स्थळपाहणी झाली आहे, पत्र यायचं आहे, तोवर जुन्याच अटींवर बाग चालू आहे. तीन-चार घरांना या अक्षय्य तृतीयेला हळद लावायची आहे. सांगलीत राहून हळद नाही म्हणजे काय, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. पण हळद नऊ महिने वाफा अडवते आणि हातात पत्र नाही. बेणं आणून टाकीखाली सावलीला पाल्यात झाकून ठेवलं आहे.